वही कुणाच्या हाती?

सन २०१७ मध्ये पृथ्वीच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जीवतंत्रज्ञांच्या एका परिषदेत जोसाया झायनर नावाच्या गृहस्थाने, स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे जनुक निकामी व्हावे या उद्देशाने, स्वतःच सिद्ध केलेले द्रव्य सर्वांसमक्ष आपल्या हातात टोचून घेतले. त्याच्या स्नायूंत डोळ्यांना दिसेल असा काही फरक पडला नाही. परंतु सामान्य माणसाने परवान्यावाचून जीवशास्त्राला हात लावावा की काय, या प्रश्नावर वर्तमानपत्रांचे रकाने पुढे कित्येक दिवस भरत राहिले. दुसरी गोष्ट आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, डोक्याच्याही वर गेलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पाठीवर पंप घेऊन फवारा मारता मारता, कुणी डोळ्यांपुढे अंधारी येऊन, कुणी उलट्यांनी गलितगात्र होऊन, असे शेकडो कास्तकार आणि शेतमजूर इस्पितळांत दाखल झाले, आणि त्यांपैकी वीसांहून अधिक माणसे घरी परतली नाहीत. येथे मात्र परवान्याचा प्रश्न कुणी काढला नाही, कारण पंपात ओतलेली बहुतेक औषधे परवाना असलेल्या दुकानातून, राजरोस, पावती फाडून विकत घेतलेली होती. त्यांना आमच्याकडे ‘औषध’ म्हणतात, विष म्हणत नाहीत, हेही जाता जाता नमूद करून ठेवतो.

या दोन घटना शेजारी ठेवण्याचे कारण असे की, ‘जीवशास्त्र हे प्रयोगशाळेच्या चार भिंतींतील, पदवीधरांच्या देखरेखीखालील काम असून ते लोकांच्या हाती देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे होय’ हे मत अलीकडे पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडून ऐकू येते, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याचे नाव निघाले की ते अधिकच ठासून मांडले जाते. पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडण्याचा अधिकार नाही, हा आपल्याकडील वादशास्त्राचा जुना शिरस्ता आहे. तो पाळणे मला अवघडही नाही, कारण हा पूर्वपक्ष पुष्कळ वर्षे माझाच होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हौशी माणसाने घरी रेडिओ उघडला आणि बिघडवला, तर एक रेडिओ बिघडतो, पण जीवाणू, बुरशी, बियाणे ही वाढणारी, पसरणारी, वाऱ्यावर आणि पाण्यावर स्वार होऊन शेजाऱ्याच्या वावरात उतरणारी वस्तू आहे, तिच्यातली चूक चूक करणाऱ्यापुरती राहत नाही. शिवाय जो मनुष्य फवारताना तोंडाला साधा रुमाल बांधत नाही, दोन-तीन औषधे एकाच टाकीत ढवळतो आणि त्याच हाताने तंबाखू मळतो, त्याच्याकडून निर्जंतुकतेची, मोजमापाची, नोंदीची अपेक्षा कशी करावी? या युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात जी वस्तुस्थिती सांगितली आहे तीही बऱ्याच अंशी खरी आहे. तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष मला आता साफ नामंजूर आहे.

ज्याला परदेशात ‘बायोहॅकिंग’ म्हणतात तो प्रकार नावाने भीतिदायक वाटतो. हॅकिंग म्हटले की आपल्याला बँकेतील पैसे नाहीसे झालेले आठवतात. वस्तुतः २००८ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे काही तरुणांनी या चळवळीला ‘डीआयवायबायो’ हे नाव दिले आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ‘जेनस्पेस’ ही लोकांसाठी खुली प्रयोगशाळा निघाली, तेव्हा तिच्यात चाललेले काम बव्हंशी शाळेच्या प्रयोगवहीत शोभेल असे होते. २०१५ पासून ओकलंड येथे काही मंडळी इन्सुलिन तयार करण्याची खुली, कुणालाही वापरता येईल अशी रीत शोधीत बसली आहेत. ते काम त्या मानाने पुष्कळच गंभीर. आपल्या देशात २००९ साली बंगळूरच्या एका कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जीवाणूंमध्ये जनुक घालून पहिल्या पावसाचा मृद्गंध निर्माण करण्याचा खटाटोप केला आणि तो थेट अमेरिकेतील जागतिक स्पर्धेत नेऊन मांडला. मृग कोरडा गेला म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या लोकांना हा गंध बाटलीतून मिळाला असता तर त्यांनी हसावे की रडावे हे मी सांगू शकत नाही. पण परवाना, पदवी आणि प्रयोग यांची गाठ ब्रह्मदेवाने मारलेली नाही, एवढे त्या मुलांनी दाखवून दिले. महाराष्ट्रात तर याचे बीज त्याहूनही जुने आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम काढला तो, शाळेने नापास ठरवलेली मुले हाताने काम करूनच उत्तम शिकतात या श्रद्धेवर. पुढे फॅब लॅब नावाच्या लोककार्यशाळा जगभर निघाल्या, त्यांतील अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काहींमध्ये पाबळची गणना होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. लोकांच्या हाती जीवशास्त्र देऊ नये असे म्हणणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की आज ते त्यांच्या हाती नाही. यवतमाळच्या काळ्या जमिनीत वीस वर्षांहून अधिक काळ एक प्रचंड जैविक प्रयोग चालू आहे. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे जनुक कपाशीत घातलेले वाण या देशात मोठ्या प्रमाणावर प्रथम आढळले ते २००१ साली गुजरातेत, आणि तेही ‘नवभारत १५१’ या नावाने, कुठल्याही संमतीविना पेरलेले. शासनाने ते उपटून जाळण्याचा हुकूम सोडला, पण तोवर बराच कापूस बाजारात पोचला होता. पुढे २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला रीतसर मान्यता मिळाली. साडेचारशे ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या घरात होती. २००६ मध्ये आंध्र सरकारने कज्जा करून ती साडेसातशेवर आणली. त्याच वर्षी दोन जनुकांचे वाण आले. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाल्याचे ते तंत्र विकणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले, आणि काही वर्षांत ती दुसऱ्यालाही पुरून उरली. २०१७ चा जो हंगाम विषबाधेसाठी लोकांच्या स्मरणात आहे, तोच हंगाम विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरल्याचाही होता, हा योगायोग नव्हे. अळी आवरेना म्हणून फवारे वाढले. नवा सजीव, लाखो एकर, फलित अनिश्चित, याला प्रयोग म्हणत नाहीत तर काय म्हणतात? फरक इतकाच की या प्रयोगात कास्तकाराला प्रयोगकर्त्याची जागा नव्हती. पिंजऱ्यातल्या उंदराची होती.

याचा पुरावा मी एका लहानशा पुडीत दाखवतो. बीटीच्या प्रत्येक पिशवीत साडेचारशे ग्रॅम बियाण्याबरोबर एकशे वीस ग्रॅम साध्या, बिगरबीटी सरकीची एक वेगळी पुडी येत असे. ती वावराच्या चहूबाजूंनी पेरायची, म्हणजे तेथे विषाचा स्पर्श न झालेल्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग बीटीवर तगलेल्या एखाद्या चिवट पतंगाशी जोडी जमवतील आणि त्यांची संतती पुन्हा बीटीला बळी पडेल, असा तो हिशेब. मोठा सुंदर हिशेब आहे; मेंडेलच्या वाटाण्यांइतका सुबोध. पण ती पुडी मी धुऱ्यावर फेकलेली पाहिली आहे, बकरीपुढे टाकलेली पाहिली आहे, आणि एका घरी ती देवळीत, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, तीन वर्षे न फोडता ठेवलेली पाहिली आहे. पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, हाच तुमचा अडाणी शेतकरी! मी विचारतो, त्याला त्या पुडीचे कारण कुणी, कधी, त्याच्या वावरात उभे राहून सांगितले? पिशवीतल्या कागदावर बारीक टायपात हुकूम छापला होता. हुकूम आणि ज्ञान यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याने स्वतः बोंड फोडून पाहिले आहे, म्हणजे बाहेरून हिरवेगार, निरोगी दिसणारे बोंड अंगठ्याने दाबून उकलले आहे, आतल्या पाकळीत पिवळट पडलेली रुई आणि एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्यांच्या पोकळीत वळवळणारी गुलाबी अळी पाहिली आहे, आणि वीस बोंडांत अशी किती निघाली याचा आकडा मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहिला आहे, तो मनुष्य ती पुडी बकरीपुढे टाकणार नाही. कारण मग ती पुडी त्याच्या प्रयोगातली होईल.

पूर्वपक्षाचा सर्वांत धारदार बाण येथेच सुटतो. ते म्हणतात, लोकांच्या हाती दिले तर काय होते हे ‘चोर बीटी’ने दाखवलेच आहे. तणनाशकाला न जुमानणारी, संमती नसलेली कपाशी विदर्भात गुपचूप येते, बिनबिलाने विकली जाते, कृषी खात्याची भरारी पथके धाडी घालतात, जप्त्या होतात, तरी ती पेरली जातेच. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हजारावर लोक जमवून ती उघडपणे पेरलीसुद्धा, आणि त्या वेळच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपये दंडाची तरतूद असतानाही पेरणाऱ्यांनी ती शिक्षा अंगावर ओढवून घेण्याची तयारी दाखवली. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, ही त्यामागची निकड मी नाकारीत नाही. पण पूर्वपक्षाने येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत केली आहे. चोर बीटी हे लोकांचे संशोधन मुळीच नव्हे. तो चोरटा व्यापार आहे. बिनालेबलाच्या पिशवीत कोणते जनुक आहे, त्यात भेसळ किती आहे, उगवले नाही तर फिर्याद कुणावर करायची, यांपैकी एकही गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक नसते. संशोधनाला उघडी हवा लागते. चोर बीटी अंधारात वाढते. आणि गंमत अशी की हा अंधार दूर करणारे साधन विदर्भातच निर्माण झाले आहे: कोवळ्या पानाचा तुकडा थोड्या द्रावणात चुरगळून त्यात एक पट्टी बुडवली, की काही मिनिटांत बीटीचे प्रथिन आहे की नाही ते सांगणारी चाचणी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने केव्हाच सिद्ध केली. अशाच पट्ट्या घेऊन पथके शेतकऱ्याच्या वावरात शिरतात. तीच पट्टी शेतकऱ्याच्या हाती, पेरणीपूर्वी, दुकानदाराच्या देखत असती, तर बनावट बियाण्याचा धंदा निम्मा तरी बसला असता असे मला वाटते. पण साधन एकच असून ते जप्तीसाठी ग्राह्य आणि खरेदीसाठी अग्राह्य, हा आमच्या कारभाराचा न्याय आहे.

लोकांच्या संशोधनाचा दाखला हवा असेल तर तो शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात आहे. दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये आपल्या धानात त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या; दाण्याचा रंग पिवळसर. दुसऱ्या कुणी त्या ओंजळभर धानात मिसळून टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध, काटेरी फांद्यांचे कुंपण करून पेरल्या, आणि पुढील कित्येक हंगाम निवड करीत करीत एक वाण स्थिर केले. त्याला नाव मिळाले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून: एचएमटी. ते तांदळाचे वाण राज्याच्या सीमा ओलांडून गेले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने प्रसृत केले. श्रेय कुणाचे, यावर पुढे जी कैफियत चालली ती येथे उगाळीत बसत नाही. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले. मला त्यांच्या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते काटेरी कुंपण. ते कुंपण म्हणजे प्रयोगातील शिस्त. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती, कारण वाण वेगळे राखले नाही तर आपलेच फसेल हे त्यांना आपल्या दीड एकरात दिसत होते. आणि हेही ध्यानात घ्यावे की धानात हे शक्य झाले, कारण धानाचे बियाणे घरचे ठेवता येते. आमच्या पऱ्हाटीत संकरित वाणामुळे दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. घरची सरकी पेरली तर पिढी फुटते. बियाण्याची मालकी गेली त्या दिवशी निवडीचा डोळाही गेला, आणि गेलेला डोळा ‘अडाणी’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

निर्जंतुकतेच्या आक्षेपाबद्दल मी स्वतःची एक फजिती सांगतो. मर रोगावर ट्रायकोडर्मा बुरशी उपयोगी पडते. ती विकत मिळते, पण बाटलीत जिवंत बीजाणू किती आणि पांढरी पूड किती हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून एका उन्हाळ्यात चार शेजाऱ्यांना गोळा करून मी ती घरी वाढवण्याचा घाट घातला. ज्वारी अर्धकच्ची उकडली, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली, तोंडाला कापसाचा बोळा, आणि स्वयंपाकघरातला कुकर हेच आमचे निर्जंतुकीकरण यंत्र. पाककलेत आमच्या घरी वेळ शिट्ट्यांनी मोजतात, म्हणून मीही पाच शिट्ट्या मोजल्या. आठव्या दिवशी हिरव्या मखमलीऐवजी पिशव्यांत काळी कुळकुळीत बुरशी माजली होती आणि घरभर आंबूस दर्प. पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा कळले की दाब गाठल्यापासून पुरा अर्धा तास लागतो. शिट्टी ही वरणाची भाषा आहे, बीजाणूंची नव्हे. दुसऱ्या खेपेला बारा पिशव्यांपैकी नऊ हिरव्या झाल्या. तीन काळ्या निघाल्या त्या पुरल्या. आता या फजितीवरून पूर्वपक्ष काय सिद्ध करील? मी हे सिद्ध करतो की चूक पिशवीत दिसली, मोजता आली, आणि पिशवीतच पुरता आली. पंपातल्या मिश्रणाची चूक दिसत नाही; ती थेट रक्तात जाते.

मोठ्या चुकीची उपेक्षा करतो असा आरोप नको, म्हणून मुंबईचाच एक इतिहास आठवतो. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. झायनरच्या एकशेवीस वर्षे आधी. नंतर ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकशे सात लोकांना ती लस टोचली, त्यांतील एकोणीस धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पाच वर्षांनी त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला तो कशामुळे? ते एकोणीसही लोक एकाच बाटलीतून टोचलेले होते, त्या बाटलीला क्रमांक होता, ५३ एन, आणि त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता हे साक्षीत निघाले. बाकीच्या अठ्ठ्याऐंशी जणांना काही झाले नाही. बाटलीला क्रमांक नसता, कुणाला कोणत्या बाटलीतून दिले ही नोंद नसती, तर आज परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव लागले नसते! जीवशास्त्रात सुरक्षितता भिंतीतून येत नाही, नोंदीतून येते. मुलकोवालची लस जिथे बनली त्या प्रयोगशाळेला भिंती होत्याच.

ही कसोटी २०१७ च्या यवतमाळला लावून पाहावी. रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक घाबरलेले, टाकीत कोणकोणती औषधे किती प्रमाणात होती हे कुणाला ठाऊक नाही. वैद्याने उतारा द्यावा तरी कशाचा? ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषाने रक्तातील कोलिनेस्टरेज हे द्रव्य मंदावते, आणि ते मोजण्याची सोय तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हती, ही तक्रार त्या दिवसांत वारंवार छापून आली. परंतु सोय असती तरी अर्धेच काम झाले असते, कारण या द्रव्याचे प्रमाण माणसागणिक निराळे असते; हंगामापूर्वी त्याचे किती होते हे माहीत असल्यावाचून आजचा आकडा मुका. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी औषधे नियमितपणे हाताळणाऱ्या मजुरांचे रक्त फवारणीपूर्वी तपासून ठेवण्याचा नियम आहे. ज्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली घसरते त्याला फवारणीवरून काढतात. २०१७ मध्ये यवतमाळात वापरलेल्या सर्वच औषधांना ही तपासणी लागू पडत नाही हे मला मान्य आहे. तरी मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस यांच्यापुरती ती पुरेशी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन गावातच ही मोजणी करणारी छोटी यंत्रे जगात उपलब्ध आहेत. जून महिन्यात गावातील प्रत्येक फवारणाऱ्या माणसाचा आकडा त्याच्या नावापुढे लिहून ठेवणे, हे काम राजधानीतील कोणती संस्था करणार आहे? ते गावानेच, आशाताईच्या आणि शाळेतल्या विज्ञानशिक्षकाच्या मदतीने करायचे काम आहे. आणि ते केले तर त्याला परदेशात बायोहॅकिंग म्हणतील, आमच्याकडे फार तर ‘रिकामटेकडेपणा’ म्हणतील.

पूर्वपक्षाला झोडपताना आपल्या बाजूच्या मंडळींना मोकळे सोडणे मला प्रशस्त वाटत नाही. आमच्याकडे जीवामृताचे पिंप आता पुष्कळांच्या अंगणात दिसते: दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी, दोन दिवस ढवळणे. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी हे तंत्र देशभर नेले. यवतमाळचेच सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेती सोडून स्वतःच्या निरीक्षणातून निराळी वाट काढली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या लोकांविषयी मला आदर आहे. परंतु पिंप ढवळणारा माझा शेजारी जेव्हा ‘भाऊ, फरक पडते’ असे सांगतो, तेव्हा मी एकच विचारतो: एक तास तसाच सोडला होता का? ज्या ओळीला जीवामृत घातले नाही अशी एक ओळ वावरात नसेल, तर फरक कशाशी? पाऊस चांगला झाला तर श्रेय पिंपाला आणि वाईट झाला तर दोष आभाळाला, हा हिशेब कृषी केंद्राच्या दुकानदारालाही येतो. सोडलेला तास हा लोकांच्या विज्ञानाचा पाया आहे, आणि तो सोडण्याचे धैर्य श्रद्धावंताला होत नाही, कारण त्याला ते तासाशी केलेले पाप वाटते. पूर्वपक्षाने या दुबळेपणावर बोट ठेवले असते तर मी निमूटपणे मान्य केले असते. त्यांनी ते ठेवले नाही, कारण सोडलेला तास त्यांनीही कधी मोजला नाही.

तेव्हा सीमा कुठे आखायची? जनुक बदललेला जीव मोकळ्या वावरात सोडणे, रोग पसरवणारे जंतू घरात वाढवणे, यांना परवान्याची आणि कडक परवान्याची गरज आहे. त्यात मी तसूभर सूट मागत नाही. सूट मागण्याचे काम मोठ्या संस्था स्वतःसाठी करीतच असतात. जनुकसंपादनाच्या काही प्रकारांना मार्च २०२२ मध्ये केंद्राने जनुक बदललेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांतील काही कलमांतून मोकळे केले ते गावकऱ्यांच्या अर्जावरून नव्हे. माझी मागणी त्या नियमांच्या आतलीच आहे. ५ डिसेंबर १९८९ रोजी निघालेल्या त्याच नियमांत, दिल्लीच्या समित्यांच्या खाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तिच्यात कारखाना निरीक्षक आहे, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी आहे, आरोग्य अधिकारी आहे, कृषी अधिकारी आहे, सूक्ष्मजीवतज्ज्ञ आहे. ज्या वावरात हे सारे घडते त्या वावराच्या धन्याला नावानिशी जागा नाही. परंतु गरजेप्रमाणे अन्य सदस्य घेण्याची मुभा मात्र आहे. यवतमाळच्या समितीने त्या मुभेचा वापर करून राळेगाव, घाटंजी, आर्णी, वणी अशा तालुक्यांतून दोन-चार कास्तकार स्वीकृत करून घ्यावेत. पात्रता म्हणून पदवी विचारू नये, सलग तीन हंगामांची वही मागावी, जिच्यात कामगंध सापळ्यात रात्री किती पतंग पडले, अळी शिरून न उमललेल्या किती डोमकळ्या दिसल्या, वीस बोंडांत किती अळ्या निघाल्या, कोणत्या तारखेला काय फवारले आणि कोणता तास सोडला, हे मांडलेले असेल. लागोपाठ तीन रात्री, दर रात्री सापळ्यात आठ पतंग पडले तर फवारा, ही मर्यादा शास्त्रज्ञांनीच घालून दिली आहे. ती पाळली गेली की नाही हे सांगू शकणारा दस्तऐवज त्या वहीखेरीज जिल्ह्यात दुसरा कोणता आहे, हे मला कुणी तरी दाखवावे. बैठकीची तारीख मात्र मृगाच्या धामधुमीत ठेवू नये. ती वेचणी आटोपल्यावर, जानेवारीत ठेवावी. तोवर हंगामाची शेवटची पाने भरलेली असतात.